मेहुणा चित्रात नाही

तोफांच्या चाचणीच्या मैदानावर आम्ही त्याला रेघोट्या म्हणायचो, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोफ उडाली की नळी धक्क्यानं मागे सरकते. ती किती सरकली हे मोजायला हा नळीवर काळे-पांढरे पट्टे रंगवायचा आणि सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा त्यांवर रोखायचा. पट्ट्यांवर कुणाची सावली पडली तरी त्याचं डोकं फिरायचं, मग तो समोरच्याची आई-बहीण काढायचा.

गोळे भरायला त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. अगदी गरीब गाय. घरच्याच नात्यातल्याची आई-बहीण काढता येत नाही, म्हणून रेघोट्या त्याला रेडा म्हणायचा.

त्या दिवशी गोळा भरून मेहुणा तोफेच्या अलीकडे, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. पट्टे झाकले गेले. पलीकडे गोळे रचलेले होते, तिथे उभं राहायला जागा नव्हती.

"रेड्या, चित्रात दिसलास तर याद राख," रेघोट्या म्हणाला.

बिचारा मुकाट्यानं तोफेच्या मागे गेला. रेघोट्यानं ते बघितलं, मान डोलावली आणि बटण दाबलं. चाचणीसाठी दारू जादा भरलेली होती. नळी रोजच्यापेक्षा हातभर जास्त मागे आली आणि मेहुण्याची छाती फुटली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तो मागे का उभा होता. रेघोट्यानं कानांवर हात ठेवले. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही शहाण्यासारखे गप्प बसलो. मेलेल्याचाच हलगर्जीपणा ठरला.

बहिणीला ते पटेना. तिचा नवरा रस्ता ओलांडतानाही तिचा हात सोडायचा नाही. त्याची चूक नव्हती, एवढं कुणीतरी म्हणावं, बाकी तिला काही नको होतं. ती ऑफिसात आली आणि माझ्यादेखत भावाकडे चित्र बघायला मागितलं.

पडद्यावर नळी सावकाश मागे सरकत राहिली. त्यात माणूस नव्हता, रक्तही नव्हतं.

"दादा, त्यांना मागे कुणी उभं केलं?"

मला वाटलं, आता तरी हा बोलेल. त्यानं चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"बघ, एकही पट्टा झाकला गेलेला नाही."



"घरी नेहमी म्हणायचे, काही झालं तरी दादाच्या चित्रात मी येता कामा नये," ती म्हणाली.

रेघोट्यानं यंत्र बंद केलं आणि दुपारच्या चाचणीसाठी पांढरा रंग कालवायला घेतला.