बू युसुफचा बुलबुल

आखातातल्या मुहर्रकच्या विमानतळावर माझ्या बॅगेतून नारळाच्या चार करवंट्या निघाल्या, तेव्हा कस्टमचा तरुण अधिकारी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागला. करवंट्यांना भोके पाडून मी काथ्या ओवला होता. "ये क्या है, बाबा?" त्याने विचारले. मी दोन्ही हात पंखांसारखे हलवले आणि मान वाकवून दाणे टिपून दाखवले. आठवीच्या वर्गासमोर जन्मभर हेच केले असल्यामुळे लाज अशी वाटली नाही. तो खो खो हसला आणि "यल्ला, जाओ" म्हणून त्याने बॅग ढकलून दिली.

बाहेर हमीद उभा होता. मी दापोलीला शाळेत विज्ञान शिकवायचो, त्या वेळचा हा माझा विद्यार्थी. आता त्याचे सलमाबादला कॅरॅव्हॅन (चाकांवरची घरे) तयार करण्याचे वर्कशॉप आहे. "सर, एकदा या" हे तो कित्येक वर्षे म्हणत होता. नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, साफ नकार दिला. "वाळू बघायला एवढ्या लांब कशाला? हर्णैला आहे की," असे म्हणून तिने माझी बॅग मात्र भरून दिली.

हमीदचे घर मुहर्रकलाच आहे, पण गाडी पूल ओलांडून दक्षिणेकडे निघाली. जुफैरच्या उंच इमारतीही मागे पडल्या. "अरे, घर मागे राहिलं ना?"

"सर, घरी काय बघणार? पोरं मोबाईलमधे तोंड घालून बसलेली. तुम्ही पाखरांचे माणूस. तुम्हाला बर्र दाखवतो." बर्र म्हणजे वाळवंट, आणि थंडीच्या दिवसांत लोक तिथे जाऊन राहतात तो मुक्कामही.

वाळवंट म्हणजे शांतता, अशी माझी समजूत होती. साखीरच्या वाळवंटात पोचलो आणि मी अवाक् झालो. नजर पोचेल तिथवर तंबू आणि कॅरॅव्हॅन, दिव्यांच्या माळा, गालिचे, झोपाळे, धडधडणारे जनरेटर. तंबूत टीव्ही, टीव्हीवर फुटबॉल. या सगळ्याच्या मधोमध तेलविहिरींचे पंप माना खालीवर करत उभे. कोणीतरी जत्रा भरवून उठवायची विसरला होता.

हमीदची पांढरी कॅरॅव्हॅन या जत्रेच्या कडेला होती. "घाबरू नका सर. ही गाडी नाय, घरच हाय," तो म्हणाला. खरेच, आत पलंग, शेगडी, फ्रिज सगळे होते. न्हाणीघर मात्र असे की पाठ चोळायची तर आधी दार उघडावे लागे. हमीद सकाळी वर्कशॉपला जाई आणि संध्याकाळी त्याच्या बायकोने दिलेली तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण घेऊन परत येई. दिवसभर मी एकटा आणि माझ्या करवंट्या.

त्या मी कॅरॅव्हॅनच्या छपरीला टांगल्या. दोनमध्ये बाजरी, एकात पाणी, एकात खजुराचा गर. पहिला दिवस कोरडा गेला. निवृत्त मास्तराची पत पाखरांतही उरली नाही की काय, असे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या आल्या, मग होल्यांची जोडी आली आणि मग तो आला: पांढऱ्या गालांचा बुलबुल. आपल्याकडचा लालबुड्या, इथला पिवळाबुड्या. खजुरावर त्याने असा ताव मारला की मी चहा विसरलो. चौथ्या दिवशी मात्र खाटीक पक्ष्याने माझ्या डोळ्यांदेखत बाजरीवरची एक चिमणी उचलली. पंगत मी मांडली आणि पाहुणी त्याने नेली.

खजूर पुरवायचा तो शेजारच्या तंबूतला बू युसुफ. सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. रोज सकाळी गहवा (वेलची घातलेली फिकी कॉफी) घेऊन येई आणि मोडक्या हिंदीत बोले. "तुम मास्टर, हमारा जार (शेजारी). खाओ, चिड़िया को भी खिलाओ." असा शेजारी मिळायला नशीब लागते. फक्त एकच गोष्ट मला सलत होती. त्याच्या तंबूच्या खांबाला एक पिंजरा होता आणि त्यात एक बुलबुल. बाहेरचा बुलबुल माझ्या करवंटीवर गायचा आणि आतला त्याला उत्तर द्यायचा. मला ते ऐकवेना.

"इथं रीत हाय ती सर," हमीद म्हणाला. "बुलबुल पाळतात. जीव लावतात."

"रीत काय रे? तुझ्या पोपटाचं विसरलास का?" मी म्हणालो. हमीद ताटे उचलून आत गेला.

त्या पोपटाची गोष्ट सांगायलाच हवी. पस्तीस वर्षांपूर्वी आठवीतल्या हमीदने आपला पाळलेला पोपट वर्गात आणला होता. मी मुलांना स्वातंत्र्यावर चार शब्द सांगितले आणि हमीदला पिंजऱ्याचे दार उघडायला लावले. पोपट खिडकीतून थेट जांभळीवर गेला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढे दर वर्षी, अगदी निरोपसमारंभातही, मी ही गोष्ट सांगत आलो. माझ्या नोकरीतला सर्वांत सुंदर दिवस, असे म्हणायचो.

पाचव्या दिवशी सकाळी बू युसुफ पिकअप घेऊन पाणी आणायला गेला. मी त्याच्या खांबापाशी गेलो आणि पिंजऱ्याचे दार उघडले. बुलबुल बाहेर येईना. उलट कोपऱ्यात सरकून अंग फुलवून बसला. मी पिंजरा तिरका केला. तरी येईना, तेव्हा हलवला. शेवटी तो बाहेर पडला, धडपडत उडाला आणि तंबूंच्या पलीकडे दिसेनासा झाला. मी दार पुन्हा अर्धवट लोटून ठेवले, परत येऊन वहीत तारीख आणि वेळ लिहिली आणि खाली "मुक्त" असा शब्द लिहून त्याखाली रेघ मारली.

बू युसुफ परतला. रिकाम्या पिंजऱ्यापुढे तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग तो माझ्याकडे आला. "मास्टर, मेरा बुलबुल देखा?"

"नहीं," मी म्हणालो. सदुसष्ट वर्षांचा मी, मुलांना खोटे बोलल्याबद्दल बाकावर उभे करणारा, एका क्षणात खोटे बोलून मोकळा झालो.

त्याला शंकाही आली नाही. उलट माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तुम चिड़िया जानता है. चलो, ढूँढो." आणि मी निघालो! जो पक्षी मी हाकलला, तोच शोधत मी भर दुपारी त्याच्याबरोबर वाळू तुडवत होतो. चालता चालता तो सांगत होता. खजुराच्या झाडावरचे घरटे वाऱ्याने पडले, तेव्हा हे पिल्लू अंगठ्याएवढे होते, अंगावर पीसही नव्हते. त्याने खजूर भिजवून काडीने भरवला. "अब भी खुद नहीं खाता, मास्टर. मेरा हाथ से खाता. बड़ा हुआ, लेकिन बच्चा है."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माणसाच्या हातावर वाढलेले पिल्लू जंगलात तगत नाही, हे मी स्वतः फळ्यावर लिहून दिले होते. आणि इथे मी पिंजरा हलवून त्याला बाहेर काढले होते. अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. बुलबुल मिळाला नाही.

हमीद आल्याबरोबर मी त्याला सगळे सांगितले. तो शेगडीवर कालवण गरम करत होता. त्याने गॅस बंद केला.

"सर, एक सांगू? रागावणार नाय ना?"

"सांग."

"माझा पोपट दुसऱ्या दिवशी मेला. मांजरानं धरलान. जांभळीखाली पिसं मिळाली मला, मीच पुरली."

मी पलंगावर बसलो. "मला कसं नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या सर," तो म्हणाला. "सगळ्या वर्गानं. मग कसं सांगणार?"

जेवण झाले नाही. पस्तीस वर्षे मी अर्धीच गोष्ट सांगत फिरलो होतो, आणि उरलेली अर्धी हमीदने एकट्याने सांभाळली होती. मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी उठून दार उघडले, तर बाजरीच्या करवंटीच्या काठावर तो बसलेला! शेपटीची दोन पिसे गेलेली, पंख थरथरताहेत, चोच उघडी. पायाशी बाजरी, शेजारच्या करवंटीत खजूर, सगळे आहे, पण तो ते टिपत नव्हता. कोणी भरवील म्हणून वाट बघत होता. मी खजूर भिजवून तळहात पुढे केला. तो मागे सरकला. पिंजरा हलवणारा हात त्याने ओळखला असणार. तेवढ्यात हमीदने वर बोट दाखवले. जनरेटरच्या वायरवर खाटीक येऊन बसला होता.

आता बू युसुफला बोलावायचे, म्हणजे सगळे सांगायचे. हमीद टॉवेल फिरवत करवंटीखाली उभा राहिला आणि मी अनवाणी धावत सुटलो. "बू युसुफ! आओ, बुलबुल!" तो तंबूतून बाहेर आला, तेव्हा मी धापा टाकत म्हणालो, "पिंजरा मैंने खोला था. मैंने झूठ बोला."

तो थांबला नाही. माझ्या बाजूने तसाच पुढे गेला. करवंटीपासून चार हातांवर उभा राहून त्याने हलकी शीळ घातली. बुलबुलाने मान वळवली आणि तो धडपडत त्याच्या खांद्यावर उतरला. बू युसुफने माझ्या हातातला खजूर घेतला आणि बोटाने एकेक कण त्याच्या चोचीत घातला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे पाहिले. "मास्टर, एक बार पूछना था," एवढेच म्हणाला आणि खांद्यावरचा पक्षी सांभाळत तंबूत गेला.

उरलेले दोन दिवस खजूर आला नाही, गहवाही आला नाही. पिंजरा खांबाच्या पलीकडच्या बाजूला गेला. निघताना मी तंबूपाशी जाऊन सलाम केला. त्याने छातीवर हात ठेवला, पण तो उठला नाही. त्याने मला माफ केले का, मला माहीत नाही. करवंट्या मी हमीदकडे ठेवल्या, मात्र बाजरीची एक परत आणली.

दापोलीला आल्यावर नलिनीला सगळे सांगितले, पोपटाच्या गोष्टीतली उरलेली अर्धीही. मला वाटले होते की ती मला बोलेल. तिने एकच विचारले. "त्या पोपटाचं नाव काय होतं?"

इतक्या वेळा ती गोष्ट सांगितली, पण त्यात नाव कधी नव्हतेच. मी कधी विचारले नव्हते. मी तिथेच उभ्या उभ्या हमीदला फोन लावला आणि विचारले. पलीकडे वर्कशॉपमधली यंत्रे चालू होती. मग कुठलेसे दार लावल्याचा आवाज आला आणि यंत्रांचा गोंगाट कमी झाला.

"गुलाब," हमीद म्हणाला. "सर, त्याला पण माझ्याच हातचं लागायचं."