मपलं लेकरू

गाव सोडलं त्या सकाळी जिंतूरच्या एसटी स्टँडवर काकूनं मला पोटाशी धरलं आणि ती रडायच्या आत मीच रडायला लागले. मी सातवीत जाणार होते. बाबा वर्षभर आधीच निगडीजवळच्या चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले होते. खोलीची सोय झाली तसे ते आईला आणि मला न्यायला आले. काका खिडकीपाशी उभे राहून त्यांना पुन्हा पुन्हा बजावत होते, "पोरीची शाळा तोडू नको." गाडी हलली तशी आई माझ्या कानात म्हणाली, "तिकडं जरा जपून बोल, बाई. शहरातली माणसं लगेच हसतेत."

तिचं म्हणणं खरं व्हायला चार दिवस लागले.

शाळा निगडीत होती. चौथ्या दिवशी वर्गात उभी राहून मी म्हणाले, "बाई, मपलं दप्तर बाहेरच ऱ्हायलं." मपलं म्हणजे माझं, आमच्याकडं लहानथोर सगळे तसंच म्हणतात. पण वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातली पोरं दारात डोकावली. शाळा सुटेपर्यंत वैशाली हे माझं नाव जाऊन 'मपली' झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलणंच बंद केलं. हजेरीला नुसता हात वर करायचे. पाणी प्यायला जायचं तरी विचारावं लागेल, म्हणून तहान मारायचे. बाकावर शेजारी सुरेखा बसायची. ती चिखलीतल्या जुन्या गावकऱ्यांची, घरी म्हशी. तिचंही "आमी", "न्हाई" चालायचं. पण अंगानं दांडगी, त्यामुळं तिला हसायची कुणाची छाती नव्हती. ती एकटीच आम्हा दोघींपुरतं बोलायची.

वर्गशिक्षिका शेलारबाईंना वाटलं, या मुलीला काही समजतच नाही. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा फर्स्ट शिफ्ट संपवून तसेच आले, कपड्यांना ऑइलचा वास.

"मुलगी काहीच बोलत नाही हो," बाई म्हणाल्या.

बाबा चकितच झाले. "ही? अहो बाई, ही गप बसंना म्हणून शेजारी भिंत वाजवतेत!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा निवेदनासाठी त्यांनी माझं आणि सुरेखाचं नाव वाचलं. वर्गात कुजबुज झाली. "घरी जसं बोलता तसंच बोलायचं," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई, आमाला न्हाई जमायचं." सुरेखा घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी तर ठरवूनच टाकलं होतं: लोक हसले, की शाळा सोडायची आणि काकांकडं परत जायचं. आईला तसं सांगूनही ठेवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बरं. पर आधी बोलून तर घे."

पडदा वर गेला आणि सुरेखा पहिलंच वाक्य विसरली. हॉल चिडीचूप. माझ्या तोंडातून भलतंच निघून गेलं, "काहून गप झालीस गं? घरी म्हशीसंगं तर दिवसभर बोलतीस!"

हॉल खदखदून हसला. सुरेखाला एकदम वाचा फुटली. "म्हशी ऐकून घेत्यात! तुज्यावानी मदी मदी बोलत न्हाईत!"

मग आम्हाला कोण थांबवणार? लोक हसत होते आणि आमच्या पुढच्या वाक्यासाठी कान टवकारून गप्प होत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठून उभी राहिली आणि भर हॉलमध्ये ओरडली, "मपलं लेकरू हाय ते!" मला जपून बोलायला सांगणारी माझी आई! सगळा हॉल वळून तिच्याकडे बघत टाळ्या वाजवायला लागला.

दहावीपर्यंत मी मपलीच राहिले, आणि त्या हाकेला मोठ्यानं ओ देत राहिले.

पुढं डिप्लोमा केला, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागले. आता दिवसभर माझ्या तोंडी "रिजेक्शन किती?" आणि "भैया, लाइन रोको" असतं. रहाटणीत फ्लॅट आहे. बाबा रिटायर झाले आणि आई-बाबा गावी परतले. सुरेखा कॅनडात आहे; तिथल्या थंडीला ती फोनवर अस्सल चिखलीच्या शिव्या देते.

या मे महिन्यात माझी मुलगी ओवी आठ दिवस गावी राहिली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"मम्मी, मी बोलले की इथं सगळे हसतात."

मी घाईनं विचारलं, "मग तू काय केलंस?"

"मीपण हसले. आता ते सगळे माझ्यासारखं एकमेकांना भावा म्हणतात. आजोबासुद्धा!"

मागून बाबांचा आवाज आला, "जेवली का भावा?" आणि मी चाकणच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसत सुटले.

परवा सुरेखानं फोनवर विचारलं, आता घर म्हणजे कुठलं गं? मी तिला एवढंच सांगितलं: ओवीला आणायला गावी गेले, तेव्हा दोन दिवसांनी काकूला म्हणाले, "उद्या घरी निघते." परत आल्यावर लाइनवर मुलींनी विचारलं, "मॅडम, कुठं होतात?" मी म्हणाले, "घरी गेले होते." कोणत्या घरी, असं ना काकूनं विचारलं, ना त्यांनी.