चौथी पट्टी

ही गोष्ट सांगायचं मी पन्नासहून अधिक वर्षं टाळलं. बायकोलाही कधी सांगितली नाही. गेल्या महिन्यात इस्लामपूरहून दस्तगीरच्या मुलाचा, शौकतचा फोन आला. "काका, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता कुणाला काही सांगायला नको, असं वाटलं... आणि त्यात थोडी सुटका होती, हेही लिहून टाकतो.

दस्तगीर आणि मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या एका वर्गात होतो. स्वातंत्र्याला दोनेक वर्षं झाली होती. मी साताऱ्याच्या एका मास्तरांचा मुलगा. त्याचे वडील इस्लामपुरात नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकांना बसवायच्या लोखंडी धावा करत. पुस्तकात जे आम्ही घोकत होतो ते त्याच्या बोटांना आधीच येत होतं. त्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांचं मेकॅनिकल मंडळ काढलं आणि मी चिटणीस झालो. वर्षभर एक गोष्ट धड होईल तर शपथ. पहिल्या व्याख्यानाचे पाहुणे कोल्हापूरहून यायचे होते, त्यांची मोटार वाटेत बंद पडली. साखर कारखाना बघायची परवानगी आली तेव्हा गाळप संपलं होतं. भित्तिपत्रकाचा एकच अंक निघाला आणि त्यातली आकृती उलटी चिकटवलेली होती. दस्तगीर हसायचा. "सेक्रेटरीसायब, तुमचं मंडळ सुरू हुतंय कवा?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. मला ते झोंबायचं.

मग त्यानंच मार्ग काढला. कुंडलच्या एका मळ्यात एक आडवं ऑइल इंजिन गंजत पडलं होतं. ते बैलगाडीतून आणून वार्षिक प्रदर्शनात चालवून दाखवायचं ठरलं. तीन महिने तो त्याच्या मागे होता. दट्ट्याला चाकाच्या आसाशी जोडणाऱ्या मोठ्या दांड्याचं बेअरिंग त्यानं निळा रंग लावून, जिथे घासतंय तिथे खरवडून, पुन्हा लावून असं बसवलं. बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये कागदासारख्या पातळ पितळी पट्ट्या असतात. त्या जितक्या जास्त तितकं बेअरिंग सैल. त्यानं दोन्ही बाजूंना चार-चार घातल्या होत्या. एवढं करूनही इंजिन चालताना हलका ठोका यायचाच. मला तो ठोका ऐकवत नव्हता. पाहुणे म्हणून एका इंजिन कारखान्याचे मोठे इंजिनिअर येणार होते आणि आमच्यातल्या एकाला ते सुट्टीत शिकायला नेणार होते. दस्तगीरलाच नेणार, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

प्रदर्शनाचा दिवस शुक्रवारचा. दुपारी नमाजाला जाताना तो मला म्हणाला, "ठोका ऱ्हाऊ दे गड्या. नवं बेअरिंग हाय, तेलाला जागा पायजे. मी येईस्तवर हात लावू नगंस."

मी हात लावला. वर्षभराची फजिती निदान त्या दिवशी तरी नको, एवढंच डोक्यात होतं. नट काढले, दोन्हीकडची एकेक पट्टी काढून खिशात टाकली आणि पुन्हा आवळलं. हातानं फिरवून पाहिलं, ठोका गेला होता. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तो परत आला तेव्हा पाहुणे दारात होते, बोलायला वेळ नव्हता. असं मी पुढे स्वतःला सांगत आलो... वेळ होता.

दहा मिनिटं इंजिन झकास चाललं. मग धूर आला, कर्कश आवाज झाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. बेअरिंग वितळलं होतं. सरांनी विचारलं, हे बसवलं कुणी?

"मी बसवलं सर," दस्तगीर म्हणाला. माझा हात खिशात होता. पट्ट्या बोटांना लागत होत्या.

कारखान्यात शिकायला मी गेलो. तिथेच चिकटलो, तिथूनच मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालो. पुढच्या वर्षी दस्तगीर कॉलेजात आलाच नाही. मंडळाच्या अहवालात मी लिहिलं होतं, 'एका सभासदाच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग फसला.' तो अहवाल खोटा होता, हे आज त्याच चिटणीसाच्या हातानं लिहितो आहे.

इस्लामपुरात त्यानं इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी अधूनमधून जायचो. इंजिन खोलल्यावर त्यानं पट्ट्या मोजल्या असणारच, त्याला कळलंच असणार, आणि तरी तो चहा पाजतोय म्हणजे त्यानं सोडून दिलं, अशी मी समजूत करून घेतली होती. गेल्या वर्षी धीर करून म्हटलं, "दस्तगीर, कॉलेजातलं ते इंजिन..." तो म्हणाला, "जाऊ दे रं. च्या गार हुतोय." मी लगेच कप उचलला.

परवा दुकानात भेटायला गेलो. शौकत एक बेअरिंग बसवत होता. पट्ट्या त्यानं दोनदा मोजल्या, भिंतीवर खडूनं आकडा लिहिला आणि मगच नट आवळला. सगळी भिंत अशा आकड्यांनी पांढरी झाली होती. मी विचारलं, हे काय?

"अब्बांचा नियम हाय, काका. कॉलेजात त्यांनी चार समजून तीनच पट्ट्या घातल्या, इंजिन जाम झालं. आपल्याला मोजता आलं न्हाई, म्हणून आपण कॉलेज सोडलं म्हणायचे. तवापास्नं मोजून लिवल्याबिगर नट आवळू द्यायचे न्हाईत."

मी भिंतीकडे बघत बसलो. शौकतला तिथेच सांगायला हवं होतं, तेही जमलं नाही. म्हणून इथे लिहितो.

दस्तगीर, तू चारच घातल्या होत्यास.