सागावर पांढरा रंग

माझा नवरा लाकडाला पॉलिश करायचा. लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तोंडावर पन्नास वर्षं अहो-जाहो केलं, तेवढं पुरे.

त्याचं काम चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकते. चपडी, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजत घालायची, मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि तो लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. एक हात वाळला की दुसरा. असे वीस-वीस हात. गिरगावापासून दादरपर्यंत त्याला बोलावणी यायची. लोकांच्या घरी म्हणे फार गोड बोलायचा. घरी पोचेपर्यंत ते गोड संपलेलं असायचं.

आमचं कपाट त्याने लग्नाच्या आदल्या वर्षी जुनं घेतलं होतं. गिरगावात कुणी म्हातारा वारला, त्याची खोली रिकामी करत होते, तिथून हातगाडीवर घालून लालबागला आणलं. तेव्हा त्याच्यावर हिरव्या रंगाचे चार थर होते. महिनाभर खरवडल्यावर खाली साग निघाला. त्या लाकडात त्याने मुरणारा गडद रंग भरला, वर चपडीचे हात मारले, आणि दहा बाय बाराच्या खोलीत जिथून सगळ्यांना दिसेल तिथे ते उभं केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला मोरी आणि चूल दाखवली. नवऱ्याने कपाट दाखवलं.

"ह्येका ओल्या हातान शिवाचा नाय," तो म्हणाला. "पाण्याचो डाग पडता."

मी दिवसभर पाण्यातच असायचे. नळ, मोरी, भांडी, त्यात गिरणीतल्या सहा माणसांचे डबे. पहिल्याच आठवड्यात दारावर माझं बोट उमटलं. तेव्हापासून नियम झाला. कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. काही काढायचं असेल तर त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं.

"हात दाखव."

मी दोन्ही तळवे पुढे करायचे. तो उलटसुलट बघायचा, कधी वास घ्यायचा. बांगडे साफ केलेले असले तर म्हणायचा, "जा, धुवन ये." धुतले की ओले. मग वाळेपर्यंत तिथेच उभं राहायचं. माझ्या साड्या त्या कपाटात, माझ्या आईने दिलेली नथ त्या कपाटात, आणि मी फॅनखाली हात धरून उभी. पाहुणे असले तरी तेच. एकदा दिवाळीला माझा भाऊ आला होता. त्याच्यासमोर मी हात दाखवले. तो फरशीकडे बघत चहा प्यायला आणि पुढच्या दिवाळीला आला नाही.

मुलगा बोलायला लागला तेव्हा बापाची नक्कल करायचा. कमरेवर हात ठेवून मला म्हणायचा, "आये, हात दाखव." सगळे हसायचे. मीही हसायचे. असं चाळीस वर्षांच्या वर चाललं.

मग आमची चाळ टॉवरसाठी पाडायला काढली आणि आम्ही भोईवाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. तिथे त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला. नाय. चहा हवा का विचारलं की म्हणायचा "नाय", आणि कप पुढे केला की घटाघटा प्यायचा. भूक लागली तरी नाय, संडासला जायचं असलं तरी नाय. मुलाला आणि सुनेला त्यातलं काही कळायचं नाही. मला प्रत्येक नाय वेगळा ऐकू यायचा. इतकी वर्षं त्याचंच ऐकत आले, कळणारच.

किल्ली मी त्याच्या कमरेची सोडवून घेतली, ती दवाखान्यातच.

रंगवायचं माझ्या डोक्यात सुनेने घातलं. ती ऑफिसात जाते, पण येता-जाता मोबाइलवर बघत असते, बायका घरच्या घरी जुन्या खुर्च्या कशा रंगवतात ते. मला म्हणाली, "आई, तुम्ही दिवसभर घरी असता. करून बघा ना." खाली भंगारवाल्याकडे एक स्टूल पडलं होतं, ते आणलं. काचपेपरने घासलं, निळा रंग मारला. संध्याकाळपर्यंत स्टूल नवं. मला ते आवडलं. पॉलिशला शंभर नखरे असतात, रंग निमूटपणे बसतो. मग एक मांडणी केली, लहान मुलाची खुर्ची केली, शेजारणीचा पाट केला. मी चौथी शिकलेली बाई, पण डब्यावर लिहिलेलं वाचता येतं. तेवढं पुरतं.

मी गॅलरीत रंगवायचे आणि तो आतून बघायचा. त्याच्या लेखी लाकडावर रंग मारणं म्हणजे घाण करणं. ब्रश बुडवला की तो सुरू.

"नाय. नाय."

"आवडला नाही का रंग?" मी म्हणायचे. "थांबा, अजून एक हात मारते."

शेजारीण हसायची. "काय गो, छळतेस म्हाताऱ्याला."

"छळते कुठे? विचारून करते."

नव्या घराची किल्ली मिळाली तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ते काळं कपाट तिथे नको. भंगारवाल्याला देऊन टाकू."

सून म्हणाली, "नाहीतर आई, पांढरं करा ना तुम्ही. आपलं सगळं फर्निचर पांढरंच घेतोय. चांगलं झालं तर तुमच्या खोलीत ठेवू."

"पंधरा दिवसांत होईल?" मुलाने विचारलं.

"होईल."

मुलगा बापापुढे उकिडवा बसला. "बाबा, कपाट पांढरं करतोय. चालेल ना?"

"नाय."

"म्हणजे हो की नाही?"

"नाय!" डोळे बाहेर आले होते. मुलाने माझ्याकडे बघितलं.

"हो म्हणतायत," मी म्हणाले.

मी ते कपाट वाचवलं असं कुणी समजू नये. भंगारात गेलं असतं तर तो एकदा रडला असता, मग विसरला असता. पांढरं होऊन घरात राहिलं तर रोज डोळ्यांसमोर राहणार होतं. मी हा विचार नीट करून मग 'होईल' म्हणाले होते.

दोघा हमालांनी कपाट गॅलरीत काढून दिलं. मी त्याची खुर्ची दाराशी ओढली, बरोबर समोर. चार दिवस घासत होते. वीस-वीस हातांचं पॉलिश, भुगा होऊन खाली पडत होतं. थोडा त्याच्या मांडीवरही उडायचा. तो डाव्या हाताने झटकायचा नाही, तसाच राहू द्यायचा. पहिले दोन दिवस नाय-नाय केलं, मग गप्प झाला.

पाचव्या दिवशी पांढरा हात मारला. कपाट छान दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दाराशी आणून बसवलं आणि त्याच्या घशातून एक आवाज आला, खाकरल्यासारखा. मला वाटलं चहा अडकला. बघते तर अर्धं तोंड वर गेलेलं. हसत होता. मी कपाटाकडे वळले. दोन्ही दारांवर पिवळे डाग फुटले होते, कुणी चहा शिंपडावा तसे.

मी दुसरा हात मारला. सकाळी डाग परत. तिसरा मारला, तरी परत. रोज सकाळी तो माझ्या आधी कपाटाकडे बघायचा आणि खाकरायचा. लकवा झाल्यापासून तीन वर्षांत त्याला इतकं हसताना बघितलं नव्हतं. भात जास्त खायला लागला.

सून म्हणाली, "आई, नसेल होत तर राहू द्या. भंगारवाला रविवारी येणारच आहे."

हे त्यानेही ऐकलं. त्याला उपाय ठाऊक होता, याबद्दल मला शंका नव्हती. पन्नास वर्षं लाकडात काढलेला माणूस. मी त्याच्यापुढे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही विचारायला गेले.

"हे डाग कशाने जातील? खूण करा. नाहीतर रविवारी भंगारात जाईल."

त्याने डोळे मिटले. "नाय," म्हणाला, शांतपणे. हा खरा नाय होता. पांढरं होण्यापेक्षा गेलेलं बरं, असं त्याने ठरवलं होतं.

मी चप्पल घातली आणि नाक्यावरच्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, सागाचं तेल आणि आधी भरलेला रंग वर येतोय. कितीही हात मारा, येतच राहणार. परत लाकडापर्यंत घासा, चपडीचा एक हात द्या, त्यावर रंग मारा. मग काही वर येत नाही. चपडी देऊ?"

"चपडी आहे घरात," मी म्हणाले.

त्याच्या पत्र्याच्या पेटीत होती. पुडीत चपडी, शिळं स्पिरिट, मलमलचे तुकडे, जुने बोळे. मी स्पिरिट तेवढं नवीन आणलं, रंग परत लाकडापर्यंत घासून काढला, आणि शनिवारी सकाळी त्याच्यासमोर बसून बोळा बांधला. तो बांधायचा तसाच. इतकी वर्षं मी हात वाळवत उभी असायचे आणि तो समोर बोळे बांधत बसायचा, तेव्हा बघण्याशिवाय काय करत होते?

पहिला हात फिरवला आणि सागाचा रंग वर आला. ऊन होतं. दार चमकायला लागलं.

तो पुढे वाकला. मला वाटलं पडतोय. पण त्याचे डोळे भरले होते आणि डावा हात हवेत गोल गोल फिरत होता, मला शिकवत होता. हळू, हळू. कडेला उचल. "नाय," तो म्हणाला. "नाय, नाय." असा नाय मी कधी ऐकला नव्हता. एखाद्या पोराला जवळ घेऊन बोलतात तसा. त्याला वाटलं, मी हरले. त्याला वाटलं, मी त्याचं कपाट त्याला परत करतेय.

मी बोळा फिरवत राहिले. दोन्ही दारं, बाजू, कंगोरे, सगळं नीट केलं. त्याने खूण केली तिथे दुसऱ्यांदा फिरवलं. स्पिरिट पटकन उडतं, अर्ध्या तासात वाळलं. मग त्याने हात लांब केला. खुर्ची ढकलायचा प्रयत्न करत होता. त्याला कपाटाला हात लावायचा होता.

मी खुर्ची जवळ नेली, एक वीत अंतर ठेवलं आणि मध्ये उभी राहिले.

"हात दाखवा."

त्याला आधी कळलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग कळलं. पंजा उघडला आणि पुढे केला. मी धरून उलटसुलट बघितला. बोटांच्या बेचक्यात सकाळच्या पेजेचा ओलसरपणा होता. वास घेतला.

"ओला आहे," मी म्हणाले.

त्याच्या खांद्यावर पंचा टाकलेला होता, पुसता आला असता. मी पुसला नाही. खुर्ची जागेवर नेली, रंगाचा डबा आणला, झाकण उघडलं. डबा बघून त्याने तोंड उघडलं, पण त्यातून तो एक शब्दही आला नाही.

शेजारीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ती थांबली. "अगो, एवढी सुंदर चमक आली होती. कशाला घालवतेस?"

"सुनेला पांढरं हवंय," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दोन हात झाले. रविवारी सकाळी एकही डाग नव्हता. भंगारवाला आला, त्याला मी रद्दी दिली.

आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर राहतो. कपाट आमच्या खोलीत आहे, सून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. "आईंनी केलंय," म्हणते. त्यात त्याची औषधं आणि लंगोट असतात. कुलूप नाही. त्याची खुर्ची खिडकीशी ठेवू, असं मुलगा म्हणाला होता, तेवढाच समुद्र दिसेल. मी म्हटलं, वारा लागतो. खुर्ची कपाटासमोर आहे.

मला वाटलं होतं तो मान फिरवेल. सुरुवातीला फिरवायचा. अलीकडे सारखा कपाटाच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत बसतो. जेवताना, अंग पुसताना, नजर तिथेच. कालच्या दुपारी मी खाली बसून बघितलं. डाव्या दाराच्या तळाशी, जिथे चपडीचा बोळा नीट पोचला नसणार, नखाएवढा पिवळा ठिपका वर आला आहे. मी मागे बघितलं. त्याचं अर्धं तोंड वर गेलेलं होतं.

रंग अजून उरलाय. मी स्वयंपाकघरातून डबा आणि बारीक ब्रश घेऊन आले, चटई टाकली, बसले.

"मारू का हात?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी बोलला.

"बरं," मी म्हणाले आणि ब्रश बुडवला.