सावडीची रजा

शिफ्ट सुटून बराच वेळ झाला तरी आमच्या खिडकीपुढची रांग हलत नव्हती. सत्तरच्या दशकात तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी प्रोग्रॅमर होते. कॉम्प्युटर आल्याबरोबर साहेबांनी रजेची रजिस्टरं बंद करून टाकली. मशीनमधून कागद निघाल्याशिवाय रजेवर सही नाही, असा हुकूम.

आणि कागद लवकर निघत नसे. मेमरी म्हणजे मशीनचं कामाचं टेबल. आमचं टेबल पाटाएवढं. रजेचा प्रोग्रॅम त्यावर एकदम मावेना, म्हणून तुकड्यातुकड्यानं चढवायचा आणि दरवेळी भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे पुन्हा घालायचे. एरवी निभावून जायचं. पण आवणीला, म्हणजे भातलावणीला, मावळातला प्रत्येक जण एकदम रजा मागतो.

रांगेत औंढ्याचे सखारामभाऊ होते, फाउंड्रीतले.

"बाई, माजी रजा कवा निघंल? परवापास्न सावड सुरू व्हतीय."

सावड म्हणजे आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. घरचा गडी दुसऱ्यांच्या चिखलात उतरला नाही, तर आपल्याकडे कुणी येत नाही.

"आणि बिनरजेचे राहिलात तर?"

"मागं दोगांना काढलं, बाई. तुमीच बगा कायतरी."

मी साहेबांकडे गेले. "सर, जादा मेमरी घेऊ. माणसं ताटकळतात."

"किंमत माहीत आहे ना? तेवढ्यात जवळजवळ दुसरं मशीन येईल."

"आणि त्यांचा वेळ?"

"शिफ्ट सुटल्यावर थांबतात ना? मग तो कंपनीचा वेळ नाही. हिशेबात धरायचा कसा?"

"निदान आवणीपुरती रजिस्टरं उघडा."

"मग मशीन काय पूजेला आणलं?"

रजा निघाली तेव्हा सावड आटोपली होती. भाऊंच्या बायकोनं एकटीनं झेपेल तेवढं लावलं. बाकीची रोपं जून होऊन वाया गेली. मी भाऊंना कागद दिला.

"ही माघारी घेता येती का? आता हिचं काय करू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला तिथंच रडू कोसळलं.

पुढच्या वर्षी साहेबांचा स्वतःचा रिपोर्ट याच मशीनमध्ये अडकून हेड ऑफिसला उशिरा गेला, त्यांना बोलणी बसली, आणि मेमरी आली. रांग भराभर सरकू लागली. सखारामभाऊ तीत नव्हते. सावडीवाल्यांनी त्यांचं घर वगळलं होतं, म्हणून त्यांनी रजा मागितलीच नाही.

मेमरी किती घ्यायची हे रांगेत उभा नसलेला माणूस ठरवतो. नोकरीत मी एवढं मात्र पक्कं शिकले.