तारकाबाईंचं पाकीट

मी कुणाचीही नक्कल केली नव्हती. मी फक्त प्रेरणा घेतली होती, ती जरा जास्त झाली.

मंगरूळपीरच्या बाजारात द्वारकाबाईंचा मसाला हातोहात खपायचा. लाल पाकीट, पिवळी पट्टी, मधोमध नथ घातलेली बाई. आमच्या किन्हीराजा गावात मी स्वतः भाजून, कुटून काढलेला मसाला मात्र कुणी फुकटही नेईना. (भाजताना खोबरं करपायचं, पण ते बारीकसारीक झालं.) दोष पाकिटाचा आहे, असं माझं ठाम मत पडलं. मी नवं पाकीट छापलं. लाल रंग, पिवळी पट्टी, नथवाली बाई आणि नाव ‘तारकाबाईंचा मसाला’! (आमच्या सात पिढ्यांत तारकाबाई झालेली नाही.) अक्षरं इतकी नक्षीदार, की लांबून वाचणाऱ्यानं द्वारकाबाईच वाचावं.

“अवो, हे तं तिचंच दिसून राह्यलं!” बायको म्हणाली.

“काहून? तिची बाई डावीकडं पाह्यते, आपली उजवीकडं!”

महिनाभर मसाला असा खपला की मी मिशीला पीळ देऊ लागलो. (मिशी त्यासाठीच वाढवली होती.) मग एका सकाळी दारात ऑटो थांबला आणि पिशवी घेऊन खुद्द द्वारकाबाई उतरल्या.

“भाऊ, लोकं तुमचा मसाला खातात अन् शिव्या मले देतात!”

“मले कायले सांगता? तुमचं पाकीट येगळं, आमचं येगळं. गिऱ्हाइकाले डोळे नाहीत काय?”

“असं? मंग तुमीच दाखवा वळखून!” त्यांनी ओट्यावर दहा पाकिटं मांडली. पाच त्यांची, पाच माझी. “दुकानात गिऱ्हाईक उभं राह्यते, तितक्या लांबून. वळखलं तं मी चालली. नाही तं वाशीमच्या कोर्टात भेटू!”

अख्खी गल्ली जमली. मी चष्मा पुसला, छाती काढली आणि माझी म्हणून पाच पाकिटं दाखवली.

चार द्वारकाबाईंची निघाली!

कोर्ट, वकील, तारखा, सगळं डोळ्यांपुढं नाचू लागलं. तेवढ्यात आई काठी टेकत पुढं आली. तिला मोतीबिंदू.

“मले पाकीट काई दिसत नाही, बापू. फोड बरं, चाखू दे.”

एकेक चिमूट जिभेवर ठेवत तिनं पटापट दोन ढीग केले. दहाच्या दहा बरोबर! मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

“पाह्यलं, बाई? फरक कळते माणसाले! सांग माय सगळ्याइले, कसं वळखलं?”

आईनं आधी पाण्याचा तांब्या मागितला, दोनदा चूळ भरली.

“त्यात काय हाय? जे थुकावं वाटलं, ते आपलं.”

द्वारकाबाई पोट धरून हसल्या. “राहू द्या कोर्ट,” त्या म्हणाल्या, “पाकीट तेवढं बदला.”

बदललं. आता मी माझा मसाला साध्या पांढऱ्या पाकिटात विकतो. म्हणजे, विकायला ठेवतो.