आत्याबाईंचा बाजार

ऐंशी सालाच्या आधीची गोष्ट. माझं माहेर वर्ध्याचं, सासर तळेगावचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. थंडी पडली की बाजाराच्या दिवशी त्या स्वतः भाजी आणायला जात. ते काम त्यांनी कधी कुणावर सोडलं नव्हतं. तुरीच्या ओल्या शेंगा, काटेरी वांगी, मुळे, गाजरं, हिरवागार सांभार म्हणजे कोथिंबीर, दोन थैल्या गच्च भरून येत. संत्री घरच्याच झाडांची असत.

दुपारी आम्ही ओसरीवर शेंगा सोलायला बसायचो. ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात. सोले घातलेली वांग्याची भाजी सासऱ्यांना फार आवडे.

त्या हिवाळ्यात एकदा त्यांच्या ताटात अळी निघाली. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"सूनबाई, सोले पाहून टाकत जा," एवढंच म्हणाले.

मी मान खाली घातली. त्या दिवशी सोले आत्याबाईंनी सोलले होते. त्या चुलीपाशीच बसल्या होत्या, पण काही बोलल्या नाहीत. मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सोलताना मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या शेंग फोडायच्या, दाणे बोटांनी चाचपायच्या आणि टोपल्यात टाकायच्या. एक किडका दाणा तसाच पडला. मी तो उचलायला गेले, तर माझा हात त्यांच्या हाताला लागला.

"काऊन? खराब होता का?"

"हो."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले दिसत नाई वं. दिवाळीपासून सारं धुकट दिसून राह्यलं. काल तू बोलणं खाल्लं माह्यापायी. मले भेव वाटलं."

"कशाचं?"

"मंग बाजारात जाऊ देणार नाईत मले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. तोवर मला त्यांची धास्तीच वाटायची.

पुढच्या बाजाराला मी सोबत गेले. थैल्या जड होतात, असं घरी सांगितलं. त्या वांग्याचं देठ चाचपत, सांभार नाकाशी नेत. मी कानाशी लागून सांगायचे, याला भोक आहे, ती जुडी पिवळी पडली आहे. भाव मात्र त्याच करत. असे तीन बाजार झाले. चौथ्या वेळी परतताना त्या दगडाला ठेचकाळल्या आणि पडल्या. मुळे रस्ताभर झाले. मी त्यांना उठवलं आणि म्हटलं, "आत्याबाई, आता घरी सांगू या."

रात्री त्यांनी स्वतःच सासऱ्यांना सांगितलं. अळीचंही सांगितलं. सासरे म्हणाले, "आधी काऊन नाई सांगितलं?" मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुले उगाच बोललो, बाई."

मोतीबिंदूचं ऑपरेशन वर्ध्याला झालं. त्या माझ्या माहेरी महिनाभर राहिल्या. कडक काही चावायची मनाई होती, म्हणून माझी आई त्यांना मऊ भात भरवी आणि संत्र्याचा रस काढून देई. पुढे जाड भिंगांचा चष्मा आला.

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा बाजाराच्या दिवशी मी लुगडं बदलून तयार झाले. आत्याबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तू राय घरी. मले दिसते आता."

त्या एकट्या गेल्या. मला बरं वाटलं, आणि चुकल्यासारखंही. दिवस कलेपर्यंत मी दारातच उभी होते.